अर्धे राहिलेले सी.ए. अर्जात लिहावे का?

कल्याण पूर्वेच्या एका विहारात रविवारची बुद्धवंदना आटोपली. मंडळी उठू लागली, तोच कोळसेवाडीतील एक भगिनी आमच्याजवळ आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुलीच्या गुणपत्रिका आणि नोकरीच्या अर्जाचे दोन कागद. मुलगी मागे मान खाली घालून उभी होती. "सर, या कागदावरून आमच्या घरात तीन दिवस बोलणं बंद आहे. काय लिहायचं ते तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी पिशवीच आमच्या हाती दिली.

मुलीचे वडील मोहन्याच्या एन.आर.सी. कारखान्यात कामगार होते. २००९ साली कारखाना बंद पडला, तेव्हापासून ते डोंबिवलीत एका सोसायटीवर वॉचमन आहेत. आई डोंबिवलीच्याच एका पोळीभाजी केंद्रात पहाटेपासून पोळ्या लाटतात. या कमाईवर मुलगी बी.कॉम. झाली आणि त्याच्या जोडीने सी.ए.चा अभ्यासक्रमही करीत राहिली. फाउंडेशन झाले, इंटरमिजिएटचे दोन्ही गट झाले, ठाण्याच्या एका फर्ममध्ये तीन वर्षे आर्टिकलशिप झाली. फायनलचा पहिला गटही निघाला. दुसरा गट मात्र दोनदा गेला. दुसऱ्या वेळी तिन्ही पेपरांत चाळिसाच्या वर गुण होते, पण एकूण १५० हवेत तेथे १४३ पडले. सात गुणांनी गाडी चुकली. आता घरात पैशाची ओढाताण आहे, म्हणून ती नोकरी शोधते आहे.

भांडण काय, तर अर्जात हे सी.ए. लिहायचे की नाही. वडील म्हणतात, "नुसतं बी.कॉम. लिही. अर्धवट लिहिलंस तर साहेब विचारणार, नापास का झालीस? कशाला आपली आपण बदनामी करायची?" धाकटा भाऊ मोबाईलच्या दुकानात कामाला आहे, तो म्हणतो, "ताई, सरळ सी.ए. टाक. कोण बघतंय?" मुलीने एका कागदावर 'सी.ए. चालू' असे लिहून ते पुन्हा पेनाने खोडून टाकले होते. दुसऱ्या कागदावर ती जागा कोरीच होती.

वाचकहो, हा प्रश्न एकट्या त्या घराचा नाही. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात आमच्या समाजातील कितीतरी मुले-मुली सी.ए., सी.एस., कॉस्ट अकाउंटंट या वाटेने गेली आहेत. काही शेवटपर्यंत पोहोचली. पुष्कळशी मधल्या पायरीवर आहेत आणि त्या पायरीचे नाव घ्यायला लाजतात. म्हणून आजचे हे सदर त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी.

आमचे उत्तर आम्ही आधीच सांगून टाकतो. लिहावे. अवश्य लिहावे. पण जेवढे झाले तेवढेच लिहावे, पायरीचे नाव आणि तारीख घालून लिहावे.

आधी वडिलांचे म्हणणे घेऊ. त्यांची भीती खोटी नाही. नापास हा शब्द आमच्या घरांना फार लागतो, कारण आमच्या घरात एक मूल शिकते तेव्हा सगळे घर परीक्षेला बसलेले असते. पण सी.ए.चे वजन शाळेच्या परीक्षेच्या मापाने करू नये. प्रत्येक पेपरात किमान ४० टक्के आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के, ही दोन्ही मापे एकाच वेळी भरावी लागतात. मे २०२४ च्या परीक्षेत इंटरचे दोन्ही गट एकदम देणाऱ्यांपैकी शंभरातले सुमारे १८ जण उत्तीर्ण झाले आणि फायनलचे दोन्ही गट देणाऱ्यांपैकी सुमारे २०. म्हणजे न झालेल्यांची रांगच मोठी आहे आणि हिशेबाच्या धंद्यातील प्रत्येक माणसाला हे ठाऊक आहे. त्यांच्यापैकी पुष्कळजण स्वतः दोनदा-तीनदा बसलेले असतात.

अर्जात हे लिहिलेच नाही तर काय होईल? समोरच्याला एवढेच दिसेल की मुलगी अमुक साली बी.कॉम. झाली आणि त्यानंतरची वर्षे कोरी. तीन वर्षे तिने जी.एस.टी.ची विवरणपत्रे भरली, टी.डी.एस.चे हिशेब केले, कंपन्यांत जाऊन ऑडिटचे कागद तपासले, ते सगळे पुसले जाईल. नापास हा शब्द लपवण्याच्या नादात पास झालेलेही लपेल. इंटरचे दोन्ही गट आणि आर्टिकलशिप झालेल्या उमेदवाराला या धंद्यात वेगळी किंमत आहे. पूर्ण सी.ए. एवढा पगार त्याला मिळत नाही, पण नुसत्या बी.कॉम.पेक्षा बरा मिळतो. फायनलच्या परीक्षेला बसणाऱ्याला 'फायनलिस्ट' असे नावच आहे आणि नोकरीच्या जाहिरातींत ते नाव घालून माणसे मागवतात.

ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या जमाखर्चाचे काम आहे, त्यांच्या मुलाच्या कानावर 'फायनलिस्ट' हा शब्द जेवताना पडतो. काका सांगतो, अर्ज असा कर, अमक्याला भेट. आमच्या मुलीचे वडील कारखान्यात होते आणि आई पोळ्या लाटते. तिला हा शब्द कोणी सांगायचा? ज्ञान पुस्तकात असते तसे ओळखीपाळखीतही असते आणि ते दुसरे ज्ञान आम्हाला उशिरा मिळते. ते आता एकमेकांना द्यायला हवे.

आणखी एक. आमच्या मुलांना कचेरीत कधी ना कधी टोमणा ऐकावा लागतो की तुम्हाला सगळे सवलतीने मिळते. राखीव जागा हा आमचा घटनेने दिलेला हक्क आहे, त्याबद्दल खाली मान घालण्याचे कारण नाही. पण सी.ए.च्या परीक्षेत राखीव जागा नाहीत, उत्तीर्ण होण्याचे माप सर्वांना एकच आहे. तेव्हा जो गट निघाला तो सर्वांच्या बरोबरीने निघाला. तो लपवायचा कशाला?

आता भावाचे म्हणणे. "सरळ सी.ए. टाक" हे बोलायला सोपे आहे. दर रविवारी आपण पंचशील ग्रहण करतो, त्यातील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही ते आहे. वंदनेपुरते शील आणि अर्जापुरती सूट, असे चालत नाही. पण धम्माची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी व्यवहारातही हे महागात पडते. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ही संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली आहे. सभासद नसताना स्वतःला चार्टर्ड अकाउंटंट म्हणवणे हा त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे गुन्हा आहे. फायनल उत्तीर्ण झाल्यावरसुद्धा सभासदत्व घेतल्याशिवाय नावापुढे सी.ए. लावता येत नाही, मग मधल्या पायरीवर कसे लावणार?

आमच्या ओळखीच्या एका तरुणाची हकीकत सांगतो. डोंबिवलीचा मुलगा, हुशार. इंटरचा एकच गट झालेला. त्याने अर्जात 'सी.ए. इंटर उत्तीर्ण' लिहिले. त्याला वाटले, एक गट तर झालाच आहे, यात खोटे काय? परंतु इंटर उत्तीर्ण म्हणजे दोन्ही गट उत्तीर्ण, असाच त्याचा अर्थ होतो. मुलाखत चांगली झाली, नेमणुकीचे पत्र हाती आले, घरी पेढे वाटले. मग कंपनीने कागद तपासायला दिले. गुणपत्रिका एकाच गटाची निघाली आणि पत्र परत घेतले गेले. त्या जागेला एक गटसुद्धा पुरला असता, हे त्याला मागाहून कळले. पण एकदा कागद खोटा ठरल्यावर पुरणारे शिक्षणही कामाला आले नाही. हिशेब सांभाळायला माणूस घेताना मालक आधी विश्वास बघतो आणि तो बघण्याची पहिली जागा म्हणजे अर्ज.

राहिले मुलीने लिहून खोडलेले 'सी.ए. चालू'. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. फाउंडेशन देणाराही 'चालू' आणि फायनलचा एक गट राहिलेलाही 'चालू'. वाचणारा मनात खालचाच अर्थ धरतो. शिवाय 'चालू' हा शब्द खरा कधी? संस्थेतील नोंदणी जिवंत असेल आणि परीक्षेला बसण्याचा इरादा पक्का असेल तेव्हाच. नोंदणीला मुदत असते, ती संपली तर पैसे भरून पुन्हा चालू करून घ्यावी लागते. चार-पाच वर्षे पुस्तक उघडले नाही आणि अर्जात 'चालू' लिहिले, हेही एक प्रकारचे खोटेच. अशा वेळी 'इंटर उत्तीर्ण, साल अमुक' एवढेच लिहून थांबावे. त्यात कमीपणा नाही.

मग लिहावे कसे? आम्ही त्या मुलीला विहाराच्या पायरीवर बसवून तिच्याच पेनाने लिहून घेतले. पहिली ओळ : सी.ए. फायनल, पहिला गट उत्तीर्ण, पुढे महिना आणि साल. दुसरी ओळ : दुसरा गट बाकी, पुढील परीक्षा अमुक महिन्यात. तिसरी ओळ : सी.ए. इंटरमिजिएट, दोन्ही गट उत्तीर्ण, साल. चौथी ओळ : आर्टिकलशिप तीन वर्षे पूर्ण, आणि त्याखाली काय काय कामे केली ती. त्यानंतर बी.कॉम. किती वेळा बसलो, किती गुणांनी गेलो, हे अर्जात लिहिण्याची जरुरी नाही. पण मुलाखतीत विचारले तर सरळ सांगावे, लांबण लावू नये.

एखाद्या पेपरात ६० किंवा अधिक गुण पडले की पुढे त्या पेपरातून सूट मिळते. ती सूट म्हणजे गट उत्तीर्ण नव्हे. दोन पेपरांत सूट आहे म्हणून गट झाला असे लिहू नये.

आर्टिकलशिपचे प्रमाणपत्र, प्रत्येक गटाची गुणपत्रिका आणि नोंदणीचे पत्र यांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये तयार ठेवाव्यात. तारीख किंवा नियम याबद्दल शंका असेल तर संस्थेच्या शाखा ठाण्याला आहेत, कल्याण-डोंबिवलीलाही आहेत. तेथे जाऊन विचारायला लाजू नये. नियम बदलत असतात. पूर्वी तीन वर्षांची असलेली आर्टिकलशिप जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली आणि आता ती इंटरचे दोन्ही गट झाल्यावरच सुरू करता येते. २०२५ पासून फायनलची परीक्षाही वर्षातून तीनदा होते. नोकरी करून बसणाऱ्यांना यामुळे सहा-सहा महिने थांबावे लागत नाही.

सरकारी नोकरी आणि बँका यांचे गणित वेगळे आहे. तेथे जाहिरातीत एक तारीख दिलेली असते आणि त्या तारखेपर्यंत निकाल लागून शिक्षण पूर्ण झालेले असावे लागते. जागा सी.ए.ची असेल तर अर्ध्या सी.ए.ला तेथे किंमत नाही. अशा वेळी पदवीवर मिळणाऱ्या जागेसाठी पदवीवरच अर्ज करावा. शिक्षणाच्या रकान्यात न झालेली परीक्षा भरू नये, कारण खोटी माहिती आढळली तर नेमणूक झाल्यावरही ती रद्द होऊ शकते. खासगी कचेरीत मात्र काम येते का, हे आधी पाहतात, म्हणून तेथे मधली पायरी उपयोगी पडते.

हल्ली ठाण्याकडची काही मुले सी.एफ.ए. या परदेशी परीक्षेलाही बसतात. तिच्या तीन पायऱ्या आहेत. त्या संस्थेचाही नियम असाच आहे. पहिली पायरी उत्तीर्ण झालो असे सांगता येते, पुढच्या परीक्षेला नाव नोंदवले असेल तर उमेदवार आहे असेही सांगता येते, पण अर्धे सी.एफ.ए. असे काही नसते. नावापुढे ती अक्षरे लावायची नाहीत.

आता थोडे बाबासाहेबांविषयी. त्यांच्या पदव्यांची यादी आम्ही भिंतीवर लावतो, पण त्या पदव्या किती वर्षे अर्ध्या राहिल्या होत्या हे मुलांना सांगत नाही. १९१५ साली ते कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला जाऊन त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. १९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि दोन्ही अभ्यास अर्ध्यावर टाकून परतावे लागले. पण परतताना त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून मिळवली. आजच्या भाषेत, नोंदणी जिवंत ठेवली.

मधल्या काळात काय झाले? बडोद्याच्या नोकरीत राहायला जागा मिळाली नाही, अपमान झाला, नोकरी सोडावी लागली. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर्ससंबंधी सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, पण सल्ला देणाऱ्याची जात कळताच गिऱ्हाईक तुटले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. लंडनचे शिक्षण तेव्हाही अर्धेच होते. पगारातून पैसे शिल्लक टाकले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, आणि १९२० साली ते मुदतीच्या आत लंडनला परत गेले. १९२१ साली एम.एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध परीक्षकांच्या आक्षेपामुळे पुन्हा लिहून द्यावा लागला, मग १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच.डी. तर प्रबंध मान्य होऊनही छापील प्रती सादर व्हायच्या राहिल्यामुळे १९२७ साली रीतसर पदरात पडली.

१९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील तो ग्रंथ छापला, तेव्हा त्याच्या मुखपृष्ठाच्या आतील पानावर त्यांनी स्वतःची ओळख काय दिली? सिडनेहॅम कॉलेजात एके काळी प्राध्यापक होते, अशी. ती नोकरी सुटली होती, म्हणून 'एके काळी' हा शब्द त्यांनी घातला. अर्ज लिहिताना आमच्या मुलांनी एवढा एक शब्द डोळ्यांपुढे ठेवला तरी पुरे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९२५ ते १९२८ या काळात बाबासाहेब मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. म्हणजे हिशेबाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे ते गुरू होते. तेव्हा जमाखर्चाची ही वाट आम्हाला परकी नाही.

आता दोन शब्द आई-वडिलांना आणि वस्तीतील कार्यकर्त्यांना. मुलगा फाउंडेशन पास झाला की नाक्यावर बॅनर लागतो, 'सी.ए. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली मंडळाचे नाव. प्रेमाने करता, पण त्या पोराचे पुढचे दिवस तुम्ही कठीण करता. पुढे इंटर अडली की तो त्या नाक्यावरून जायचे टाळतो. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरही मामा-मावशा सी.ए. असे दडपून लिहितात. पुढे लग्नघरात ते उघडे पडते आणि दोन घरांत कायमची अढी बसते. कौतुक जरूर करा. 'फाउंडेशन उत्तीर्ण' असेच छापा. आणि मूल अडले तर त्याला चारचौघांत विचारू नका की झाले का रे तुझे. परीक्षेच्या पंधरा दिवस आधी घरातला टी.व्ही. बंद ठेवा, पाहुणे थोपवा, विहाराची खोली अभ्यासाला उघडी करून द्या. त्याचा उपयोग बॅनरपेक्षा जास्त होईल.

त्या मुलीचे पुढे काय झाले हे वाचक विचारतील. तिने लिहून घेतल्याप्रमाणे अर्ज केले. पहिल्या ठिकाणी त्यांना पूर्ण सी.ए. हवा होता, म्हणून नाही म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी, वागळे इस्टेटमधील एका कचेरीत, साहेबांनी विचारले, "दुसरा गट का राहिला?" ती म्हणाली, "एकूण गुणांत सात कमी पडले, सर. पुन्हा बसणार आहे. परीक्षेच्या आधी एक महिना रजा लागेल, ती आत्ताच सांगते." साहेबांनी फाईल चाळली, आर्टिकलशिपमधील कामावर अर्धा तास प्रश्न विचारले आणि तिला घेतले. रजा बिनपगारी आहे, पगारही फार नाही. पण नेमणुकीच्या पत्रात तिचे शिक्षण जसेच्या तसे लिहिले आहे, एक गट बाकी असल्यासकट. त्यामुळे तिला कुणापासून काही लपवायचे नाही.

परवा तिचे वडील स्टेशनवर भेटले. रात्रपाळी करून परतत होते. म्हणाले, "सर, आता सोसायटीतले लोक विचारतात, मुलगी काय करते? मी सांगतो, फायनलिस्ट आहे, एक गट राहिलाय. शब्द पाठ केलाय मी."

ज्या घरांत असे कागद पिशवीत दडवून ठेवले असतील, त्यांनी ते बाहेर काढावेत. काय झाले आणि काय बाकी आहे, ते मुलांबरोबर बसून स्वच्छ लिहून काढावे. आणि जे बाकी आहे त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर मांडून ठेवावी.

जय भीम.